समुद्रातलं प्लास्टिक आणि आपला गोवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा, पंचायती, बचत गट, शॅकवाले, रापणकार आणि किनारा सफाईला येणारी मंडळी यांच्याकडून वर्षभर प्रश्न येत असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. जी गोष्ट एका उत्तरात आली ती दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. साधे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे शेवटी.

१. समुद्रात एवढं प्लास्टिक येतं कुठून? जहाजांवरून टाकतात का?

जहाजावरून प्लास्टिक समुद्रात टाकायला मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराने १९८८ च्या अखेरीपासून पूर्ण बंदी आहे. तरीही टाकणारे टाकतात, आणि मासेमारीची जाळी, दोर, तरंडे यांचा वाटा लहान नाही (प्रश्न १६). पण सर्वात मोठा लोंढा जमिनीवरून येतो. २०१० या एका वर्षात किनारा असलेल्या देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं असावं, असा अंदाज २०१५ साली शास्त्रज्ञांनी मांडला. दोन आकड्यांत एवढं अंतर आहे, कारण कोणत्या देशात किती कचरा उघड्यावर पडतो याची मोजणीच कच्ची आहे.

आपल्याकडची वाट अगदी सरळ आहे. गटारातून व्हाळात, व्हाळातून नदीत, नदीतून समुद्रात. ऑक्टोबरपासून मेपर्यंत व्हाळाच्या काठी, पुलाखाली, बाजाराच्या मागे जे साठतं ते जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात एकदम खाली उतरतं. त्यामुळे सफाईचा खरा महिना मे आणि खरी जागा व्हाळ, असं आमचं ठाम मत आहे. डिसेंबरात मिरामारला फोटो काढून होणाऱ्या सफाईपेक्षा मे महिन्यात गावच्या व्हाळात घातलेला एक दिवस समुद्राच्या जास्त उपयोगाचा.

२. आम्ही सत्तरीत राहतो. आमच्याकडे समुद्रच नाही, मग याचा आमच्याशी काय संबंध?

सत्तरीतून वाहणारी म्हादई पुढे मांडवी होते आणि पणजीला समुद्राला मिळते. सांगे, केपे इथल्या मंडळींनाही हेच लागू आहे: कुशावती आणि इतर ओहोळ शेवटी जुवारीतच जातात. वाळपईच्या बाजारात फेकलेलं गुटख्याचं पाकीट पणजीच्या खाडीत दिसायला एक पावसाळा पुरतो.

वाटेत बरंच काही अडकतंही, आणि ते वेगळं दुखणं आहे. चोडण, रायबंदर भागातल्या खारफुटीची मुळं चिखलातून वर डोकावतात ती श्वास घेण्यासाठी. त्यांच्यावर पिशव्यांचे थर बसले की झाड गुदमरतं. खाजन शेतीच्या मानशीत, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारात, बाटल्या आणि थर्माकोल अडकला की दार नीट लागत नाही, आणि खारं पाणी भाताच्या शेतात शिरतं. म्हणजे समुद्रापर्यंत न पोचलेलं प्लास्टिकही वाटेत नुकसान करून जातंच.

३. मायक्रोप्लास्टिक म्हणजे नक्की काय?

५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचा कुठलाही कण. हा शब्द २००४ पासून रूढ झाला. काही कण लहानच बनवलेले असतात. कारखान्यात वितळवून वस्तू बनवण्यासाठी येणारे मसुरीएवढे कच्चे दाणे हे त्याचं उदाहरण. बाकीचे मोठ्या वस्तूंचे तुकडे होऊन बनतात: ऊन, खार आणि लाटांचा मारा बसून बादली, दोर, पिशवी ठिसूळ होते आणि तुटत जाते. तिसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. पॉलिएस्टर, नायलॉनचे कपडे धुताना सुटणारे तंतू आणि रस्त्यावर झिजणाऱ्या टायरची भुकटी.

दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या किनाऱ्यांवर सापडणाऱ्या कच्च्या दाण्यांचा अभ्यास केला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक दाणे पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे निघाले. गोव्यात एवढे दाणे कोण सांडणार? ते समुद्रावरूनच येतात. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल हे जहाज पेटलं तेव्हा श्रीलंकेचे किनारे अशाच दाण्यांनी पांढरे झाले. मे २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं तेव्हा तेच केरळच्या किनाऱ्यावर घडलं.

४. बाटलीला कुजायला ४५० वर्षं लागतात हे खरं का?

हा आकडा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक, बेकलाइट, १९०७ सालचं, आणि पाण्याच्या बाटलीचं पेट प्लास्टिक त्याहून बरंच अलीकडचं. ४५० वर्षं जुनी बाटली कोणी पाहिलेलीच नाही. किती काळ लागेल हे ती कुठे पडली यावर ठरतं. तापलेल्या वाळूत, उन्हात ती काही वर्षांत ठिसूळ होते, पण तुकडे होणं म्हणजे कुजणं नव्हे. खोल समुद्रात, अंधारात आणि थंडीत ती जवळजवळ जशीच्या तशी राहते. मारियाना गर्तेत सुमारे १०,९०० मीटर खोलीवर प्लास्टिकची पिशवी दिसली आहे.

५. प्रशांत महासागरात प्लास्टिकचं बेट आहे म्हणे. त्यावर चालता येतं का?

नाही. बेट या शब्दाने चुकीचं चित्र उभं राहतं. सुमारे १६ लाख चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरलेले तुकडे आणि जाळी असं ते आहे, आणि होडीतून जाताना बऱ्याच ठिकाणी नुसतं पाणीच दिसतं. २०१८ च्या एका अभ्यासात तिथल्या प्लास्टिकच्या वजनापैकी ४६ टक्के मासेमारीची जाळी निघाली. शिवाय तरंगतं तेवढंच दिसतं. पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं. नायलॉन आणि पेट जड. झाकण लावलेली रिकामी बाटली तरंगते ती आतल्या हवेमुळे. झाकण गेलं, पाणी भरलं, की ती तळाला.

६. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर ढीग येतात. हा कचरा आमचा की मुंबईचा?

दोघांचाही, आणि वाटणी ऋतूप्रमाणे बदलते. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो, म्हणजे कोकणच्या बाजूचं तरंगतं सामान आपल्याकडे सरकतं. हिवाळ्यात प्रवाह उलटतो आणि कारवार, मंगळूर, केरळकडून वर येतो. वारा मात्र पावसाळ्यात समुद्रावरून जमिनीकडे असतो, म्हणून तरंगणारं सगळं जून ते ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर फेकलं जातं.

त्याच वेळी आपल्या नद्या फुगून आपला कचरा समुद्रात ढकलत असतात, आणि त्यातला बराच जवळपासच्याच वाळूवर परत येतो. सफाई करताना पाकिटांवरचे पत्ते वाचा. गोव्यातल्या बेकरीची, दूध पिशवीची, स्थानिक मिनरल वॉटरची नावं भरपूर सापडतात. आणि आपलं दक्षिणेला गेलेलं कारवारकर उचलतात, हेही विसरू नये.

७. मे महिन्यात पायाला चिकटणारे काळे गोळे, तेही प्लास्टिकच का?

नाही. ते डांबरगोळे. समुद्रात सांडलेलं किंवा टाकीतून सोडलेलं खनिज तेल उन्हापाण्याने घट्ट होऊन ते बनतात आणि पावसाच्या तोंडावर वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागतात. त्यांना प्लास्टिकचे तुकडे चिकटलेले असतात म्हणून गोंधळ होतो. पायाचे डाग खोबरेल तेलाने निघतात, रॉकेल लावू नका.

८. प्राण्यांना कळत नाही का? प्लास्टिक खातात तरी कशाला?

कारण त्यांच्या दृष्टीने ते अन्नच असतं. पाण्यात तरंगणारी पातळ पिशवी जेलीफिशसारखी दिसते, आणि ऑलिव्ह रिडले कासव जेलीफिश खातं. दिसण्याबरोबर वासही घात करतो. काही दिवस समुद्रात राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा थर धरतो आणि त्याला खाद्याचा वास येऊ लागतो. वासावर शिकार शोधणारे समुद्रपक्षी त्यामुळेच फसतात, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं. पुढे कासवांच्या बाबतीतही तेच आढळलं.

पोटात गेल्यावर काय होतं? आतडं अडतं किंवा फाटतं. पोट भरल्याची खोटी जाणीव होते आणि प्राणी उपाशी मरतो. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली मेलेल्या कासवांच्या नोंदी तपासल्या. प्लास्टिकचा एक तुकडा गिळलेल्या कासवाचा त्यामुळे मरण्याचा धोका त्यांनी सुमारे २२ टक्के काढला. १४ तुकडे असतील तर ५० टक्के. मार्च २०१९ मध्ये फिलिपिन्सला किनाऱ्यावर लागलेल्या एका चोचवाल्या देवमाशाच्या पोटातून सुमारे ४० किलो प्लास्टिक निघालं. ही बातमी जगभर गेली. रोज मरणाऱ्या लहान जिवांची बातमी होत नाही.

रिकाम्या शंखात राहणारा खेकडा घ्या. तो मोठ्या शंखाच्या शोधात बाटलीत शिरतो आणि गुळगुळीत भिंतीमुळे बाहेर येऊ शकत नाही. एक खेकडा मेला की शंख मोकळा झाल्याचा वास सुटतो, आणि त्या वासाने दुसरा येतो, मग तिसरा. हिंदी महासागरातली कोकोस बेटं आणि प्रशांत महासागरातलं हेंडरसन बेट मिळून असे साडेपाच लाखांहून अधिक खेकडे अडकत असावेत, असा अंदाज आहे. आपल्या किनाऱ्यावर तोंड वर करून अर्धी गाडली गेलेली बाटली दिसली तर आधी आत बघा, मग उचला.

प्रवाळही सुटलेलं नाही. आशिया-पॅसिफिकमधल्या १५९ प्रवाळ खडकांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. प्लास्टिक न लागलेल्या प्रवाळाला रोग असण्याची शक्यता ४ टक्के, लागलेल्याला ८९ टक्के. प्लास्टिकने उजेड अडतो, प्रवाळ ओरखडतं आणि त्या जखमांतून रोगजंतू शिरतात. मुरगाव बंदरासमोरच्या ग्रँड आयलंडभोवती प्रवाळ आहे. तिथे नौकाविहाराला जाणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

९. मग मासे खायचे की सोडायचे?

खा. हा प्रश्न आम्हाला सर्वात जास्त येतो आणि त्यामागची भीती खरी आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

गोव्याच्या माशांत प्लास्टिक सापडलं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साळ नदीच्या मुखाजवळचं पाणी, तळाचा चिखल, शिंपले आणि मासे तपासले. सगळ्यांत कण सापडले, त्यांत तंतूंचं प्रमाण जास्त होतं. पण माशाच्या शरीरातले कण मुख्यतः पोटात आणि आतड्यात असतात. इसवण, पापलेट, शेवटा, बांगडा आपण साफ करूनच शिजवतो. पोट, आतडी आणि कल्ले टाकून दिले की बहुतेक कण त्याबरोबर जातात.

फरक पडतो तो सबंध खाल्ल्या जाणाऱ्या जिवांत: शिणाणे, तिसऱ्या, कालवं, गालमो, न साफ करता सुकवलेली बारीक मासळी. शिंपले पाणी गाळून पोट भरतात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्यात येतं. घरी आणल्यावर त्यांना काही तास स्वच्छ मिठाच्या पाण्यात ठेवा, मध्ये पाणी बदला. वाळूबरोबर काही कणही ते बाहेर टाकतात. तारले लहान असले तरी पोट काढूनच घ्या.

माशांमधून मिळणारी प्रथिनं, आयोडीन, ओमेगा-३ सोडून देण्याएवढं कारण आज तरी दिसत नाही. उलट प्लास्टिक टाळायचंच असेल तर आधी सकाळची गरम पातळभाजी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणणं बंद करा. उष्णता आणि तेल दोन्ही मिळून पिशवीतली रसायनं अन्नात उतरतात. डबा न्या.

१०. मिठागरातल्या मिठात पण प्लास्टिक असतं का?

असतं, समुद्राच्या पाण्यात असेल ते मिठात उतरणारच. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१८ साली भारतीय समुद्री मिठाच्या नमुन्यांत कण असल्याचं दाखवलं. मिठागरात घेण्याआधी पाणी वाळूच्या थरातून गाळलं तर बहुतेक कण अडतात, हेही त्यांनीच दाखवलं. गोव्याची उरलीसुरली मिठागरं टिकवायची असतील तर हा सोपा उपाय त्यांच्यापर्यंत पोचायला हवा. घरापुरतं बोलायचं तर चमचाभर मिठाची काळजी नको, प्रश्न ९ मधला डबा जास्त महत्त्वाचा.

११. माणसाच्या शरीरात प्लास्टिक सापडलं म्हणतात. त्याने काय होतं?

सापडलं आहे. इटलीतल्या संशोधकांना वारेत, तर नेदरलँड्समध्ये २०२२ साली २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तात. मार्च २०२४ मध्ये आलेला इटलीतलाच एक अभ्यास जास्त गंभीर आहे. मानेच्या धमनीतून काढलेल्या चरबीच्या थरात ज्यांच्या प्लास्टिक निघालं, त्यांना पुढच्या सुमारे ३४ महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका इतरांपेक्षा सुमारे साडेचारपट दिसला. हे प्लास्टिकमुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. दोन गोष्टी बरोबर आढळल्या एवढंच. तरी सावध व्हायला ते पुरेसं आहे. शरीर 'डिटॉक्स' करून प्लास्टिक काढण्याची औषधं विकणाऱ्यांपासून मात्र दूर राहा.

१२. प्लास्टिकबंदी आहे ना? मग पाण्याच्या बाटल्या आणि चिप्सची पाकिटं कशी मिळतात?

कारण ती बंदीत नाहीत. १ जुलै २०२२ पासून देशभर जे बंद झालं त्यात प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, कान कोरण्याच्या आणि फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, मिठाईच्या खोक्यावरचं पातळ वेष्टण, १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलक अशा वस्तू आहेत. हातपिशवी ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉनची हवी. मापुसा किंवा मडगावच्या बाजारात सर्रास मिळणारी चुरचुरती पातळ पिशवी त्यामुळे बेकायदा आहे. ती देणारा दुकानदार असला तरी घेणारे आपण, हे लक्षात ठेवून नाही म्हणा.

बाटल्या आणि पाकिटं परत गोळा करण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर टाकली आहे. बाटलीला भंगारात किंमत मिळते म्हणून ती बऱ्यापैकी परत जाते. चिप्ससारख्या अनेक थर चिकटवलेल्या पाकिटाला कोणी हात लावत नाही, म्हणून व्हाळात तेच दिसतं.

१३. चवथीला मखर थर्माकोलचं चालतं का?

नाही. सजावटीचं थर्माकोल प्रश्न १२ मधल्याच यादीत आहे. ते विसर्जनाबरोबर पाण्यात गेलं की महिनाभरात त्याचे पांढरे दाणे होतात आणि ते कोणीही परत गोळा करू शकत नाही. आपल्याकडे माटोळीसारखी परंपरा आहे, रानातल्या फळाफुलांची. तिच्या खाली थर्माकोलचा महाल कशाला हवा? कापड, बांबू, सुपारीच्या विऱ्या वापरा. माटोळी बांधायलाही नायलॉनऐवजी केळीचा सोप किंवा सुंभ घ्या, म्हणजे विसर्जनाच्या गडबडीत काही पाण्यात गेलं तरी बिघडत नाही.

१४. 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेली पिशवी समुद्रात गेली तर चालेल ना?

नाही. अशा बऱ्याच वस्तूंना कुजायला साठ अंशांच्या आसपास तापमानाचं औद्योगिक खतघर लागतं. समुद्र तेवढा कधीच तापत नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षं समुद्रात ठेवली. बाहेर काढली तेव्हा तिच्यातून बाजार आणता येत होता. मक्याच्या पिष्टापासून बनवलेल्या पेल्यांचंही समुद्रात तसंच. पेट खाणारे जिवाणू जपानमध्ये २०१६ साली सापडले हे खरं, पण त्यांच्या भरवशावर समुद्र सोडता येत नाही.

१५. आमच्या वाड्यावर गाडी रोज येत नाही. जाळून टाकलं तर निदान समुद्रात तरी जाणार नाही?

जाळू नका. पीव्हीसी जळताना डायॉक्सिन हा अत्यंत विषारी पदार्थ तयार होतो. बाकीच्या प्लास्टिकचा धूरही घरातल्या लहानग्यांच्या फुप्फुसात जातो आणि अर्धवट जळलेले गोळे पावसात व्हाळातच उतरतात. कोरडं प्लास्टिक धुऊन, सुकवून पोत्यात साठवा. स्वच्छ असेल तर महिनाभर राहिलं तरी वास येत नाही. पंचायतीच्या कोरड्या कचऱ्याच्या दिवशी द्या. गाडीच येत नसेल तर ग्रामसभेत लेखी मागणी करा. कचरा गोळा करणं पंचायतीचं काम आहे, उपकार नव्हे.

१६. मी रापणकार आहे. फाटलेलं जाळं टाकायचं कुठे? आणि समुद्रात हरवलेल्याचं काय?

पूर्वी रापण सुताची असे, हरवली तरी कुजे. नायलॉन कुजत नाही, आणि हरवलेलं जाळं मालक नसतानाही मासे धरत राहतं. त्यात अडकलेला मासा मरतो, त्याच्या वासाने खेकडे येतात, तेही अडकतात. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणाऱ्या कासवांच्या पायांभोवती हीच जाळी असतात. यात मच्छीमाराचंही नुकसानच आहे. जाळं महागडं असतं, मुद्दाम कोणी टाकत नाही, बहुतेक वेळा ते खडकाला अडकतं किंवा ट्रॉलर वरून जाऊन तोडतो.

फाटलेलं नायलॉन वेगळं ठेवा, त्यात दोर आणि शिसं मिसळू नका. निवडलेल्या नायलॉनला भंगारात भाव मिळतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात जाळी दुरुस्त होतात तेव्हा कापलेल्या दोऱ्यांचे पुंजके वाळूत पडतात. एक गोणपाट जवळ ठेवलं तरी पुरे. मालीम, कुठ्ठाळी, बेतूल, शापोरा अशा प्रत्येक धक्क्यावर जुन्या जाळ्यांसाठी कायमचा पिंजरा हवा, ही मागणी मच्छीमार संस्थांनी एकत्र लावून धरावी.

१७. सगळ्या जगाने मिळून काही ठरवलं आहे का?

मार्च २०२२ मध्ये नैरोबीला देशांनी बंधनकारक करार करायचं ठरवलं. २०२४ च्या अखेरीस बुसान आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा, दोन्हीकडे बोलणी तोडग्याविना संपली. मूळ प्लास्टिकचं उत्पादन कमी करायचं की फक्त कचऱ्याचं बघायचं, यावर अडलं आहे. तेल विकणाऱ्या देशांना उत्पादनावर मर्यादा नको आहे.

१८. किनारा सफाईला यंत्र आणावं का? पंचायत विचारते आहे.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या कासवांच्या किनाऱ्यांवर नाही. नोव्हेंबरपासून पुढे काही महिने वाळूत अंडी असू शकतात. यंत्राच्या वजनाने घरटं दबतं, आणि चाकांच्या खोल चाकोरीत नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू अडकतं. इतर ठिकाणीही यंत्र वाळूबरोबर समुद्रशेवाळ आणि त्यातले जीव उचलून नेतं, ज्यांवर किनाऱ्यावरचे पक्षी जगतात. हाताने उचला, प्लास्टिकच उचला, शेवाळ राहू द्या. मर्यादवेलीत अडकलेलं ओढू नका, वेल उपटली तर वाळू सरकते.

१९. जाळ्यात गुरफटलेलं जिवंत कासव सापडलं तर?

समुद्रात परत ढकलू नका, जाळ्यासकट तर नाहीच. सावली करा, अंगावर ओलं कापड टाका पण नाकपुड्या मोकळ्या ठेवा. जवळच्या जीवरक्षकाला आणि वनखात्याला कळवा. पायात रुतलेला दोर स्वतः ओढू नका, रक्तवाहिनी फाटते. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणून घरी नेऊन उपचार करणंही गुन्हा ठरतं. मेलेलं सापडलं तरी कळवा. वनखात्याच्या नोंदीत ते आलं पाहिजे.

२०. डायव्हिंग करताना खडकावर जुनं जाळं दिसलं. त्यावर शिंपले, प्रवाळ वाढलंय. काढायचं का?

एका शब्दात उत्तर नाही. नवं, सुटं, पाण्यात हलणारं जाळं रोज जीव घेतं, ते लवकर निघालं पाहिजे. वर्षानुवर्षं पडून खडकाशी एकजीव झालेलं जाळं ओढलं तर वरचे जीव आणि खालचं प्रवाळ दोन्ही सुटून येतात. तिथे हलणारे भाग तेवढे कापून काढतात आणि रुजलेला भाग ठेवतात. हे काम प्रशिक्षित पाणबुड्यांचं आहे, कारण पाण्याखाली जाळं माणसालाही गुरफटवतं. तुम्ही हात न लावता खोली, खुणेचा खडक आणि जाळं हलतंय की नाही एवढं लिहून घ्या, फोटो काढा आणि मत्स्योद्योग खात्याला किंवा वनखात्याला द्या.